वकिलांच्या ऑफिसात इंटर्नशिप: ११ दिवस झाले, नुसतं झेरॉक्स आणि पंचिंग. राहू का सोडू?

भुदरगडची | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या चौथ्या वर्षाला आहे. गाव भुदरगड तालुक्यात, कोल्हापुरात हॉस्टेलवर राहते. आमच्या घरात वकील सोडाच, कोर्टाची पायरी चढलेलंही कोणी नाही. कॉलेजातल्या एका सरांच्या ओळखीनं सीपीआर हॉस्पिटलजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात चार आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. ऑफिस चांगलं मोठं आहे, पाच वकील, दोन क्लार्क, दिवाणी कामं जास्त आणि कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तिथली कामं पण यायला लागलीत. मिळाली त्या दिवशी घरी फोन केला तर आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं.

आता अकरा दिवस झाले. मी काय केलं तर झेरॉक्स काढल्या, पंचिंग केलं, पानांना नंबर घातले, सकाळी मोबाईलवर बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघून डायरीत उतरवला आणि दोन वेळा बावड्याला जिल्हा कोर्टात जाऊन निकालाची नक्कल (कोर्टाच्या शिक्क्याची प्रत) घेऊन आले. मोठे सर माझ्याशी आजपर्यंत मोजून तीन-चार वाक्यं बोललेत, ती पण फाईल कुठं ठेवली एवढीच. कोर्टात मागं बसते तर काय चाललंय काही कळत नाही, दोन मिनिटांत जज साहेब काहीतरी म्हणतात, पुढची तारीख पडते, की लगेच दुसरा पुकारा. "से" म्हणजे काय हे मला आठव्या दिवशी कळलं आणि ते पण क्लार्क काकांनी सांगितलं म्हणून.

माझी मैत्रीण पुण्यात एका फर्ममध्ये आहे, तिला रिसर्च देतात, नोट लिहायला लावतात, थोडे पैसे पण देतात. मला इथं केएमटीची बस, जेवण, चहा धरून दिवसाला दीडशे जातात. बाबांनी उसाच्या बिलातून पैसे दिलेत, म्हणून जास्त टोचतंय. काल एक वाटणीच्या दाव्याची फाईल वाचली त्यात (एडिट: इथं केसबद्दल लिहिलं होतं, खाली काळाकोट दादांनी सांगितल्यावर काढून टाकलं)

प्रश्न एवढाच की राहू का सोडू? आणि राहिले तर शिकायचं कसं? खरंच सांगा, बरं वाटावं म्हणून सांगू नका.

पेठेतला | रविवार, रात्री १०:०४

आधी ते से म्हणजे काय ते सांग की. मी तीन वर्षांच्या कोर्सला दुसऱ्या वर्षाला हाय आणि मला अजून माहीत न्हाई 😄

काळाकोट_बावडा | रविवार, रात्री १०:३१

ताई, आधी एक काम कर. ती वाटणीच्या दाव्याची ओळ आत्ताच्या आत्ता काढ. गावाचं नाव, गट नंबर, बहिणीनं काय सांगितलं, सगळं लिहिलंयस तू. आपल्या कोल्हापुरात त्या गावचा माणूस हे वाचेल आणि दोन मिनिटांत ओळखेल. अशिलानं वकिलाला सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नसतं, पूर्वी ते एव्हिडन्स ॲक्टच्या कलम १२६ ला होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १३२ ला आहे, आणि ते वकिलाच्या क्लार्कला, नोकरालासुद्धा लागतं. मग तुलाही लागतं असंच धरून चाल. रागावत नाही, पण हा इंटर्नशिपचा पहिला धडा आणि तो तुला पहिल्याच दिवशी ऑफिसनं सांगायला पाहिजे होता. सांगितला नाही ही त्यांची चूक.

@पेठेतला, से म्हणजे म्हणणं. एका बाजूनं अर्ज दिला की कोर्ट त्याच्यावर लिहितं "अदर साईड टू से". म्हणजे समोरच्यानं आपलं म्हणणं द्यावं. ते आलं की युक्तिवाद, मग हुकूम. बारा वर्षं वकिली करतोय, पहिला महिनाभर मलाही वाटायचं की जज साहेब कुणाला तरी बोला म्हणून सांगतायत.

आता मूळ प्रश्न. झेरॉक्स काढताना वाचतेस का? एवढंच सांग मला, मग पुढं लिहितो.

भुदरगडची | रविवार, रात्री १०:४०

काढलं दादा. खरंच लक्षात आलं नव्हतं, सॉरी. आणि वाचत नाही, खरं सांगायचं तर. ढीग असतो, मागं कोणीतरी उभं असतं.

काळाकोट_बावडा | रविवार, रात्री ११:१५

मग ऐक. उद्यापासून एकच फाईल धर. निकाली निघालेली, जुनी, क्लार्ककडून मागून घे. निशाणी (फाईलमधल्या कागदाचा नंबर) १ ला दावा असतो, निशाणी ५ ला बहुतेक वेळा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवा असा, मग कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं दाव्याला उत्तर, मग मुद्दे, पुरावा, निकाल. आधी फक्त दावा वाच आणि बंद कर. कागदावर लिही की मी प्रतिवादीचा वकील असते तर काय कैफियत दिली असती. मग खरी कैफियत उघड. जिथं तुला सुचलं नाही तिथं खूण कर. एका फाईलला तीन-चार दिवस लागतील, पण कॉलेजात सीपीसीची (दिवाणी प्रक्रिया संहिता) वर्षभर लेक्चर ऐकून जे होत नाही ते होईल. मला माझ्या सीनियरनी हेच करायला लावलं होतं आणि सहा महिने एक शब्द कौतुकाचा नाही.

सोडू नकोस. चार आठवड्यांच्या वर सलग तसंही धरत नाहीत, म्हणजे निम्मं संपत आलंय.

मुंबईत_अडकलेला | सोमवार, सकाळी ८:२०

मी उलट बाजूनं सांगतो. मी गारगोटीचाच, आता मुंबईत आहे. विद्यार्थी असताना लोअर परळच्या एका मोठ्या फर्ममध्ये इंटर्न होतो. एसी, लॅपटॉप, महिन्याचे पैसे, रात्री उशीर झाला तर गाडी. काम काय तर कंपन्यांची ॲग्रीमेंट्स वाचून एक्सेलमध्ये भरायची. दोन महिन्यांत मी कोर्ट बघितलं नाही, अशील बघितला नाही. जज समोर असताना कागद कसा पुढं करायचा हे मला सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर कळलं, ते पण चारचौघांत चुकून.

तुझ्या मैत्रिणीचं वाईट चाललंय असं म्हणत नाही, रिसर्च करायला मिळणं मोठीच गोष्ट आहे. पण ती जे शिकतेय आणि तू जे शिकू शकतेस ते वेगळं आहे. तुला ट्रायल कोर्टात उभं राहायचं असेल तर तू बरोबर जागी आहेस. कंपनीत किंवा फर्ममध्ये जायचं असेल तर पुढची इंटर्नशिप तिकडं कर. तुला नक्की काय करायचंय ते लिहिलं नाहीस.

निवृत्त_शिरस्तेदार | सोमवार, सकाळी ११:०२

बाळ, तू दोन वेळा नक्कल आणलीस म्हणतेस. त्या नकलेच्या मागचा शिक्का वाचलास का?

माझी सगळी नोकरी कोर्टात गेली, त्यामुळं हे सांगायचा मला अधिकार आहे असं समजतो. नकलेवर तीन तारखा असतात. अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली, नेली कधी. लोक पुढचा निकाल वाचतात आणि मागचं कोणी बघत नाही. एकदा काय झालं, निकाल ३ जूनला लागला होता. जिल्हा न्यायालयात अपील करायचं तर ३० दिवस, म्हणजे ३ जुलै. एक तरुण वकील ८ जुलैला अगदी रडकुंडीला येऊन आमच्याकडं आला, उशीर माफीचा अर्ज टाईप करून घेऊन. त्याच्याबरोबर एक शिकाऊ मुलगी होती, तिनं नक्कल उलटी करून बघितली. नकलेचा अर्ज १० जूनचा, तयार २४ जूनला. म्हणजे १० ते २४ हे १५ दिवस मुदतीतून वगळायचे, मुदतीच्या कायद्याचं कलम १२. अपिलाला १८ जुलैपर्यंत वेळ होता! उशीर झालेलाच नव्हता. त्या वकिलानं तिथंच टाईप केलेला अर्ज फाडला. मुलगी काही बोलली नाही, नुसती त्या शिक्क्यावर बोट ठेवून उभी होती. आज ती स्वतः चांगली वकिली करते.

तेव्हा नक्कल आणणं हे हमालीचं काम आहे असं मनात आणू नकोस. ज्या दिवशी निकाल लागतो त्याच दिवशी नकलेचा अर्ज दिला पाहिजे हे कितीतरी वकिलांना उशिरा कळतं.

पेठेतला | सोमवार, सकाळी ११:१०

काका कडक 🙏 स्क्रीनशॉट घेतला.

आर्टिकलशिप_झालेला | सोमवार, दुपारी १:४५

सगळे तिला राहा राहा सांगताय, पण पैशाचं कोणीच बोललं नाही. मी सीए आहे, राजारामपुरीत. आमच्यात आर्टिकलशिपला किमान स्टायपेंड इन्स्टिट्यूटनं ठरवून दिलेला असतो, कमी असला तरी ठरलेला असतो, ऑफिस छोटं असो मोठं असो. लॉच्या पोरांना हे का नाही? ती मुलगी दिवसभर पाच वकिलांचं काम करते, त्या कामाचे अशिलाकडून पैसे येतात, आणि तिचा बाप उसाच्या बिलातून तिला केएमटीला पैसे देतो. शिकायला मिळतं हे मान्य, पण शिकायला मिळतं म्हणून माणसाला दुपारी भूक लागायची थांबत नाही. निदान येण्याजाण्याचे आणि जेवणाचे तरी द्या.

काळाकोट_बावडा | सोमवार, दुपारी ३:२०

सीए साहेब, तुमचं बरोबर आहे आणि आमच्या व्यवसायातली ही जुनी खोट आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रक काढलं की ज्युनियर वकिलाला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० तरी द्यावेत. पण ती शिफारस आहे, आणि इंटर्न त्यात नाहीतच. तालुक्याच्या ठिकाणी सीनियरलाच महिन्याला खात्रीचे किती मिळतात तेही बघा. माझ्याकडं इंटर्न आला तर मी जेवण आणि गाडीखर्च देतो, त्याच्यापेक्षा जास्त मला झेपत नाही. झेपणाऱ्यांनी द्यावं हे मात्र अगदी खरं.

कराडची_माहेरवाशीण | सोमवार, रात्री ९:३७

मी सकाळपासून हा धागा वाचतेय आणि मला थोडं वेगळं म्हणायचंय. काळाकोट आणि शिरस्तेदार काकांनी सांगितलेलं सोनं आहे, पण त्यात एक गोष्ट निसटतेय. झेरॉक्स काढता काढता शिकता येतं हे आपण विद्यार्थ्याला सांगतो. मग शिकवायची जबाबदारी कुणाची? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत इंटर्नशिप सक्तीची आहे, तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २०. त्याच नियमांत लिहिलंय की विद्यार्थ्यानं डायरी ठेवायची आणि ती गाईडनं आणि कॉलेजच्या शिक्षकानं तपासायची. गाईड म्हणजे ज्यांच्याकडं तू काम करतेस ते. किती ऑफिसांत ती डायरी उघडली जाते? शेवटच्या दिवशी एकदम चार आठवड्यांच्या सह्या होतात. मी स्वतः अशी डायरी भरलीय, हॉस्टेलवर बसून एका रात्रीत, मैत्रिणीची बघून. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण तेवढ्या दिवसांत मी खरोखर काही बघितलं होतं आणि ते कुठंच लिहिलेलं राहिलं नाही.

म्हणून @भुदरगडची, तू डायरी रोज लिही आणि आठवड्यातून एकदा सरांसमोर ठेव. "सर, या आठवड्याचं बघता का, दोन शंका आहेत." बस. ते बिझी असतात, दुष्ट नसतात बहुतेक. पण समोर कागद आला की वकील वाचल्याशिवाय राहत नाही, ती सवयच असते.

आणि एक, मुलगी आहेस म्हणून मोठ्या बहिणीच्या नात्यानं विचारते. ऑफिसात संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबतेस? वातावरण ठीक आहे ना?

भुदरगडची | सोमवार, रात्री १०:०५

ताई वातावरण एकदम ठीक आहे, साडेसातला क्लार्क काका स्वतः जा म्हणतात. एक मॅडम पण आहेत वकील. डायरीचं खरंय, मी चार दिवसांचं एकदम लिहिते 🙈 आजपासून रोज.

@मुंबईत_अडकलेला, मला कोर्टातच उभं राहायचंय. दिवाणी. आमच्या शेजारच्या आजीचा बांधाचा वाद होता, ती दर तारखेला जायची आणि काय झालं विचारलं की एवढंच सांगायची, तारीख पडली. तेव्हापासून ठरवलंय.

कराडची_माहेरवाशीण | सोमवार, रात्री १०:२२

बरं वाटलं. तरी इथं वाचणाऱ्या बाकीच्या मुलींसाठी लिहून ठेवते, कारण मला विद्यार्थी असताना एका ऑफिसात (नाव घेत नाही, शहर पण नाही) फार अवघड गेलं होतं आणि मी नुसतं जायचं बंद केलं, कोणाला सांगितलं नाही, आठवडे वाया गेले ते वेगळंच. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे, पगार मिळो न मिळो. ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील तर तिथं अंतर्गत समिती नसते, वकिलांची बहुतेक ऑफिसं अशीच. मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करायची. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी केली असती.

आर्टिकलशिप_झालेला | मंगळवार, सकाळी ९:१५

ताई हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. माझ्या ऑफिसच्या मुलींनाही पाठवतो.

पेठेतला | मंगळवार, दुपारी १२:३०

थोडं विषयांतर. इंटर्नला पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट हे सगळं पाहिजेच काय? मला एकानं सांगितलं बँड (गळ्याला लावतात ती पांढरी पट्टी) पण लाव. दुपारच्याला सीपीआर चौकातनं चालत गेलो तर शर्ट पिळून काढायला लागतो.

काळाकोट_बावडा | मंगळवार, दुपारी १२:५८

बँड अजिबात लावू नको मर्दा! बँड आणि गाऊन सनद मिळाल्यावर. नियमात शिकाऊंना पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट आहे. सगळं जमत नसेल तर पांढरी पँट, वरपर्यंत बटण लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट चालतात, म्हणून कोटापायी कुणी कर्ज काढू नका.

जयसिंगपूरकर | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मी वकील नाही, पक्षकार आहे. आमचा वाटणीचा दावा चौदा वर्षं चालला, आता अपिलात आहे. मला इथं काय कळतंय म्हणून गप्प बसलो होतो, पण आजीचं वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या वकिलांकडं एका उन्हाळ्यात एक शिकाऊ पोरगा होता. वकीलसाहेब हुशार, पण त्यांना वेळ नाही. आम्ही कोर्टाबाहेर बाकड्यावर बसायचो, माझी आई आणि मी. ते पोरगं आत जाऊन यायचं आणि आईच्या शेजारी बसून सांगायचं, "आज्जी, आज समोरच्यांनी वेळ मागितला, कोर्टानं शंभर रुपये दंड लावून दिला, आता पुढच्या वेळी त्यांना म्हणणं द्यायलाच लागणार." एवढंच. आईला लिहावाचायला येत नव्हतं, पण घरी आल्यावर ती सगळ्यांना हे जसंच्या तसं सांगायची. त्याच्या आधी चार-पाच वर्षं आम्ही नुसतं जाऊन येत होतो. आई गेली दोन वर्षांखाली, दावा अजून चालूच. त्या पोराचं नाव आम्ही विचारलं पण नाही, याची रुखरुख आहे.

तर पोरी, तुला सर काही काम देत नसतील तर बाकड्यावर बसलेल्या माणसांना काय झालं ते सांग. सरांना विचारून सांग, चुकीचं सांगू नको. तेवढंच मागणं आहे.

निवृत्त_शिरस्तेदार | मंगळवार, रात्री ८:१२

जयसिंगपूरकर, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आम्ही आत टेबलाच्या पलीकडं बसायचो, आम्हाला बाकडं दिसायचंच नाही.

मुंबईत_अडकलेला | मंगळवार, रात्री ११:५०

सर्किट बेंचचा विषय निघालाय म्हणून. १८ ऑगस्ट २०२५ ला काम सुरू झालं तेव्हा मी मुंबईत असून रडलो होतो. आमचे वडील जमिनीच्या अपिलासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं यायचे, रात्रभर जनरलच्या डब्यात, सकाळी सीएसएमटीला तोंड धुवून हायकोर्ट, आणि बोर्डावर मॅटर पोहोचलंच नाही म्हणून रात्रीच्या गाडीनं परत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांतली माणसं असंच करत होती. आता ती गाडीऐवजी एसटीत बसून सीपीआरला उतरतात. @भुदरगडची, तू ज्या इमारतीसमोरनं रोज चालत जातेस तिच्यासाठी माणसांनी चाळीसएक वर्षं आंदोलनं केलीत, वकिलांनी काम बंद ठेवलं, मोर्चे काढले. आत जाऊन बसत जा. बोर्ड बघून अपिलाचं एखादं मॅटर निवड आणि पूर्ण ऐक.

काळाकोट_बावडा | बुधवार, सकाळी ८:०५

बेंचमुळं इंटर्नना एक नवीन काम आलंय, त्याकडं कुणाचं लक्ष नाही. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, २१ जुलैची अधिसूचना. हायकोर्टाचं काम इंग्रजीत. म्हणजे अपील वर गेलं की दावा, कैफियत, जबाब, सातबारा, फेरफार सगळ्याचं भाषांतर लागतं. ज्याला गावाकडचं मराठी पण येतं आणि इंग्रजी पण, तोच हे नीट करू शकतो. शहरातल्या पोरांना फेरफाराची भाषा कळत नाही. ताई, हे तू मागून घे. सरांना जाऊन सांग, भाषांतर करून बघू का.

आणि मोबाईलच्या ॲपवर टाकून आणू नको. आमच्याकडं एकानं सातबारा तसाच टाकला. पोटखराबा म्हणजे वहीत होत नाही अशी जमीन, त्याचं ॲपनं "अपसेट स्टमक" केलं! बांधाचं धरण झालं. नशीब सहीच्या आधी दिसलं. आणि आपल्या अशिलाचे कागद कुठल्याही ॲपवर चढवणं हेच मुळात चूक, वर लिहिलंय की ते.

पेठेतला | बुधवार, सकाळी ८:११

अपसेट स्टमक 😂😂 शेताला ओवा द्या

आर्टिकलशिप_झालेला | बुधवार, सकाळी ८:३०

ओवा नको, एक मिसळ द्या, कट वाढवून.

निवृत्त_शिरस्तेदार | बुधवार, सकाळी १०:४४

हसू आलं, पण आकड्यांना जपा. ०.०८ हेक्टर आणि ०.८० हेक्टर यात आठ गुंठे आणि दोन एकर एवढा फरक आहे. भाषांतर झाल्यावर एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं भाषांतरावर बोट ठेवायचं. आमच्या काळी नक्कल विभागात असंच मोठ्यानं वाचून ताळा करायचे.

भुदरगडची | पुढचा शुक्रवार, रात्री ९:१८

सगळ्यांना, मी परत आले. सोडलं नाही. उशीर झाला लिहायला, कारण खरंच काम होतं.

जुनी फाईल घेतली. पहिल्या वेळी मी लिहिलेली कैफियत आणि खरी कैफियत यात इतका फरक होता की मला वाईट वाटलं, मी फक्त "हे खोटं आहे" असं आठ वेळा लिहिलं होतं आणि त्यांनी मुदतीचा मुद्दा, पक्षकार कमी घेतल्याचा मुद्दा, सगळं काढलं होतं. दुसऱ्या फाईलला दोन मुद्दे जुळले. डायरी सरांच्या टेबलावर ठेवली. दोन दिवस तशीच होती, तिसऱ्या दिवशी परत आली तर पेन्सिलनं कडेला लिहिलं होतं, "इथं कलम कुठलं?" सहा ठिकाणी. शिरस्तेदार काका, तिन्ही तारखा वाचायला लागले, क्लार्क काका म्हणाले हे तुला कुणी शिकवलं!

भाषांतराचं मी घाबरत घाबरत मॅडमना विचारलं. त्यांनी आधी चार पानं दिली, मग वीस. आणि मग परवा जे झालं ते सांगायचंय. केस कुठली, कोण, काय ते काही लिहीत नाही. एका बाईंचं प्रतिज्ञापत्र तयार होतं, सही बाकी होती. मॅडमना बोर्ड लागला म्हणून त्या निघाल्या आणि मला म्हणाल्या की त्यांना वाचून दाखव तोपर्यंत. मी वाचायला लागले. त्या मान हलवत होत्या. मला जयसिंगपूरकर दादांची आई आठवली, म्हणून मी थांबून विचारलं की मावशी, हे कळलं का, तर त्या नाही म्हणाल्या. मग मी प्रत्येक परिच्छेद आमच्या घरच्या भाषेत सांगायला लागले. सातव्या परिच्छेदाला त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "असं नव्हतं झालं गं." एक वाक्य होतं, ते उलटं टाईप झालं होतं. शपथेवरचं वाक्य.

मी सही घेतली नाही. मॅडम आल्या, त्यांना सांगितलं, त्यांनी मोठ्या सरांना बोलावलं. सर त्या बाईंच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि पाऊण तास ऐकत होते. तो परिच्छेद नवीन झाला. संध्याकाळी सर मला म्हणाले, इथून पुढं सहीच्या आधी नाही, टाईपच्या आधी वाचून दाखवायचं, आणि ते तू करायचं. आणि क्लार्क काकांना सांगितलं की हिच्या जेवणाचं ऑफिसच्या डब्यात धरा.

मी घरी फोन केला पण बाबांना नीट सांगता आलं नाही, केसचं काही सांगायचं नव्हतं ना. एवढंच म्हटलं की आज काम झालं.

जयसिंगपूरकर | शुक्रवार, रात्री ९:५५

पोरी, आई असती तर तिला हे वाचून दाखवलं असतं.

कराडची_माहेरवाशीण | शुक्रवार, रात्री १०:१०

त्या दिवसाचं डायरीत सविस्तर लिही, नावं गाळून. आणि पुढची इंटर्नशिप जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करता येते का बघ. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यामुळं अशा मावशी रोज येतात.

भुदरगडची | शुक्रवार, रात्री १०:२६

हो ताई, विचारते. अजून एक शंका आहे. माझे चार आठवडे येत्या बुधवारी संपतायत आणि त्या मावशींची तारीख पुढच्या महिन्यात १८ ला आहे. इंटर्नशिप संपल्यावर मी कोर्टात जाऊन बसले तर चालतं का? का परवानगी लागते?

काळाकोट_बावडा | शुक्रवार, रात्री १०:३३

कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. इन कॅमेरा (बंद दाराआड) नसेल तर कुणीही मागं बसून ऐकू शकतं. सरांना फक्त कळव येतेय म्हणून. आणि मावशींचा पुकारा व्हायच्या आधी पोहोच, साडेदहाला बोर्ड सुरू होतो असं धर.

भुदरगडची | शुक्रवार, रात्री १०:३५

तेव्हा मी गावी असेन. साडेसहाची एसटी धरते मग.